जन्मजात म्हणजे आनुवंशिक नव्हे!



पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने डुकरांच्या पिलांवर लेख लिहावा, याचे तुम्हाला नवल वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही वाटले असते. पण माझ्या हातून एक चूक घडली आणि ती चूक मला डुकरांच्या गोष्टीमुळे कळली. म्हणून आधी चूक सांगतो, मग डुकरांकडे वळतो.

आमच्या शेजारच्या घरी बाळ जन्मले. बाळाचा वरचा ओठ फाटलेला होता. बारशाला जमलेल्या बायकांत एक आजीबाई म्हणाल्या, "ग्रहणात हिने काहीतरी चिरले असणार, दुसरे काय!" मी पडलो विज्ञानाचा माणूस. मला राहवले नाही. मी म्हणालो, "आजी, ग्रहण म्हणजे नुसती सावली. सावलीने कुणाचा ओठ फाटत नाही. हे आनुवंशिक असते. घराण्यात कुणाला तरी असेल." एक अंधश्रद्धा दूर केल्याच्या समाधानात मी चहाचा कप हातात घेतला. तेवढ्यात कुणीतरी विचारले, "हिच्या माहेरी होते का हो कुणाला?" आणि सगळ्यांच्या नजरा बाळाच्या आईकडे वळल्या. ती बिचारी खाली मान घालून बसली. आजीबाईंनी तिला एका दिवसाच्या चुकीबद्दल दोषी ठरवले होते. मी तर तिच्या सात पिढ्यांना दोषी ठरवून मोकळा झालो होतो!

पुढे ही हकीगत मी माझ्या एका पशुवैद्य मित्राला सांगितली. तो हसला नाही. त्याने विचारले, "ते आनुवंशिक आहे, हे तू कशावरून म्हणालास? काही तपासलेस का? तुम्ही पदार्थविज्ञानवाले मोजल्याशिवाय बोलत नाही ना?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग त्याने मला थरथरणाऱ्या पिलांची गोष्ट सांगितली.

'केव्हा' आणि 'कोठून'

वस्तुमान आणि वजन यांत गोंधळ करू नका, असे मी दरवर्षी वर्गात बजावतो. 'जन्मजात' आणि 'आनुवंशिक' या शब्दांचेही तसेच आहे. जन्मजात दोष म्हणजे जन्माच्या वेळीच असलेला दोष. हा शब्द दोष केव्हा आला एवढेच सांगतो. आनुवंशिक दोष म्हणजे आईबापांच्या जनुकांतून आलेला दोष. हा शब्द दोष कोठून आला ते सांगतो. 'केव्हा'चे उत्तर मिळाले म्हणून 'कोठून'चे उत्तर मिळत नाही.

हा भेद डुकरांत फार स्वच्छ दिसतो. डुकरीण सुमारे ११४ दिवस गाभण राहते. एका वेताला दहा-बारा किंवा त्याहून जास्त पिले देते आणि वर्षातून दोनदा व्यायू शकते. मोठ्या वराहपालन केंद्रांत कोणते पिलू कोणत्या नराचे आणि कोणत्या मादीचे, याची नोंद ठेवलेली असते. माणसांत जे कळायला तीन-चार पिढ्या जाव्या लागतील, ते तेथे दोन-तीन वर्षांत कळू शकते. दोषही नाना प्रकारचे आढळतात. कुणाला हर्निया असतो, कुणाचे वृषण खाली उतरलेले नसते, कुणाला गुदद्वारच नसते, तर कुणाचे मागचे पाय दोन बाजूंना फाकतात. काही पिले जन्मतःच थरथरतात.

एक थरथर, पाच कारणे

ही थरथरणारी पिले पाहणाऱ्याला वाटते की त्यांना थंडी वाजते आहे. पण ती उबेतही थरथरतात. गंमत अशी की झोपली की थरथर थांबते आणि जागी झाली की पुन्हा सुरू होते. अमेरिकेत १९२२ साली किन्सले यांनी 'नाचणारी डुकरे' अशा नावाने त्यांचे वर्णन छापले होते. पण हा नाच जिवावर बेततो. ज्याचे डोके स्थिर राहत नाही, त्याला आईचा सड तोंडात धरता येत नाही आणि ते पिलू उपाशी मरते. जी तगतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची थरथर वाढत्या वयाबरोबर कमी होत जाते.

बहुतेक प्रकारांत या पिलांच्या मेंदूत व मज्जारज्जूत मायलिन कमी पडलेले आढळते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते, तसे मज्जातंतूवर मायलिनचे वेष्टण असते. ते अपुरे असले की संदेश नीट पोचत नाहीत आणि स्नायू हिसके देऊ लागतात. आता सांगा, हा दोष आनुवंशिक आहे की नाही?

उत्तर असे आहे की कधी आहे आणि कधी नाही. पशुवैद्यांनी या थरथरीचे पाच प्रकार पाडले.

पहिल्या प्रकाराचे कारण विषाणू आहे. गाभण डुकरिणीला स्वाइन फीव्हर या रोगाच्या विषाणूचा संसर्ग झाला, की तो पोटातल्या पिलांपर्यंत पोचतो.

तिसरा प्रकार लँड्रेस जातीत सापडला. त्यात फक्त नर पिले थरथरतात. दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात आहे. मादीला दोन एक्स गुणसूत्रे असतात. एक बिघडले तरी दुसरे सांभाळून घेते. नराला एकच असते. म्हणून अशा मादीची नर पिले सरासरीने निम्मी थरथरतात, निम्मी ठणठणीत असतात.

चौथा प्रकार ब्रिटिश सॅडलबॅक जातीतला. काळ्या अंगावर खांद्यापाशी पांढरा पट्टा असलेली ही डुकरे. येथे दोष अप्रभावी जनुकाचा आहे. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेले जनुक आले, तरच पिलू थरथरते. नर आणि मादी दोन्ही पिलांत हा दोष आढळतो.

पाचव्या प्रकाराचे कारण एक औषध आहे. गाभणपणाच्या मध्यावर डुकरिणीला ट्रायक्लोरफॉन हे जंतनाशक दिले, तर पिलांच्या लहान मेंदूची वाढ खुंटते.

आणि दुसरा प्रकार? तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. पालनकेंद्रांत तोच सगळ्यांत जास्त आढळणारा, आणि त्याचेच कारण अनेक दशके सापडत नव्हते. नवा नर आणला आणि थरथर सुरू झाली, असे एखाद्याला दिसले, तर 'नराचे रक्तच वाईट' असे त्याने म्हणणे किती सोपे! पण एक धागा आनुवंशिकतेशी जुळत नव्हता. थरथर बहुधा पहिलटकर डुकरिणींच्या पिलांत दिसे आणि त्याच डुकरिणीच्या पुढच्या वेतांची पिले चांगली निपजत. जनुके काही पहिल्या वेतानंतर बदलत नाहीत!

शेवटी २०१५ साली अमेरिकेत डुकरांमध्ये एक नवा पेस्टीव्हायरस सापडला. २०१६ साली अमेरिका व नेदरलँड्स येथील शास्त्रज्ञांनी तो विषाणू गाभण डुकरिणींत टोचून पाहिला. त्यांना थरथरणारी पिले झाली. ज्या डुकरिणींना विषाणू दिला नव्हता, त्यांची पिले नीट होती. पहिल्या वेताचे कोडेही त्यामुळे सुटते. एकदा संसर्ग होऊन गेलेल्या डुकरिणीला प्रतिकारशक्ती येते, म्हणून तिची पुढची पिले बचावतात. विशेष म्हणजे हा विषाणू नराच्या वीर्यातही सापडला. म्हणजे दोष खरोखरच नराबरोबर येऊ शकतो, पण जनुकांतून नव्हे.

बाहेरून पाहिले तर पाचही पिले सारखीच थरथरतात. थर्मामीटर १०३ अंश ताप दाखवतो, पण तो हिवतापाचा की आणखी कशाचा हे सांगत नाही. जन्मजात दोषाचेही तसेच आहे. दिसते ते लक्षण. कारण शोधावे लागते.

डोळे नसलेली अकरा पिले

कारण कसे शोधायचे याचा एक सुंदर प्रयोग फार जुना आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या शेती संशोधन केंद्रात फ्रेड हेल नावाचे शास्त्रज्ञ काम करीत. एका डुकरिणीला त्यांनी 'अ' जीवनसत्त्व नसलेल्या आहारावर ठेवले होते. तिला अकरा पिले झाली. अकराच्या अकरा पिलांना डोळ्यांची बुबुळेच काय, नेत्रगोलच नव्हते! हेल यांनी १९३३ साली हे प्रसिद्ध केले.

एकाच आईची सगळी पिले आंधळी. कुणीही म्हटले असते की हा वंशाचा दोष. हेल यांनी मात्र तो प्रश्न प्रयोगाला विचारला. त्यांनी आंधळी पिले वाढवली, त्यांना पुरेसे 'अ' जीवनसत्त्व दिले आणि त्यांच्यापासून पुढची पिढी घेतली. दोष जनुकांत असता तर आंधळ्यांची पिलेही आंधळी निपजली असती. ती डोळस निपजली. उणीव रक्तात नव्हती, गव्हाणीत होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे कळले म्हणजे नुसते कारण कळले असे नव्हे, तर उपायही सापडला. 'आनुवंशिक आहे' असे म्हणून हेल हात झटकून मोकळे झाले असते, तर तो उपाय त्यांच्या हाताशी असूनही दिसला नसता.

उलटा प्रकार

जन्मजात असून आनुवंशिक नसलेले दोष आपण पाहिले. आता याच्या उलट पाहू. आनुवंशिक असून जन्माच्या वेळी मुळीच न दिसणारा दोषही डुकरांत आहे.

पीएत्रँ, लँड्रेस, पोलंड चायना अशा जातींतील काही डुकरे दिसायला धडधाकट, पिळदार अंगाची असतात. पण ती गाडीत चढवताना, भांडताना किंवा उन्हात पळवताना एकाएकी ताठ होतात. त्यांचे स्नायू आखडतात, अंग भट्टीसारखे तापते आणि ती मरतात. मारलेल्या जनावराचे मांसही फिकट, मऊ आणि पाणी सुटणारे निघते. हॅलोथेन हे भुलीचे औषध काही मिनिटे हुंगवले तर अशा डुकराचे पाय ताठ होतात. १९७० नंतरच्या दशकात ही चाचणी पैदासकारांच्या हाती आली.

१९९१ साली कॅनडातील डेव्हिड मॅक्लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ कारण शोधून काढले. स्नायूतील कॅल्शियमची झडप घडवणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदललेले होते. झडप नीट मिटत नाही, कॅल्शियम वाहत राहते, स्नायू आखडलेलाच राहतो आणि ऊर्जेची उष्णता होत जाते. पदार्थविज्ञानवाल्याला हे लगेच पटावे.

मग असा प्राणघातक दोष टिकला कसा? कारण तेच जनुक अंगावर चरबी कमी आणि मांस जास्त आणते. पैदासकार पिढ्यान्‌पिढ्या पिळदार नर निवडत गेले आणि त्याबरोबर नकळत हा दोषही निवडत गेले. येथे जनावराला दोष देण्यात काय अर्थ? निवड माणसाची होती.

याच रोगाने माणसेही दगावत. १९६० साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी एका तरुणाची हकीगत प्रसिद्ध केली. त्याचा पाय मोडला होता, पण त्याला पायापेक्षा भुलीची भीती अधिक वाटत होती. त्याचे दहा नातेवाईक भूल दिल्यावर मरण पावले होते. या संकटावरचे डँट्रोलिन हे औषध गुणकारी ठरते, हे १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत हॅरिसन यांनी दाखवून दिले, तेही डुकरांवर. ज्या प्राण्याच्या नावाने आपण नाक मुरडतो, त्याने किती माणसे वाचवली पाहा.

लपलेल्यांचा हिशेब

"दोष खरोखरच आनुवंशिक निघाला, तर सदोष पिले पैदाशीला ठेवायची नाहीत. झाले काम!" असे तुम्ही म्हणाल. कागद-पेन्सिल घ्या आणि हिशेब करा.

समजा, एका मोठ्या कळपात अप्रभावी जनुकाचा एक दोष आहे आणि १०० पिलांत १ पिलू सदोष जन्मते. प्रत्येक पिलात या जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणजे १०० पिलांत २०० प्रती. जोड्या यदृच्छेने जमत असतील, तर बिघडलेल्या प्रतीचे प्रमाण १/१० असले पाहिजे, कारण १/१० गुणिले १/१० म्हणजे १/१००. म्हणजे २०० पैकी २० प्रती बिघडलेल्या. त्यांतल्या सदोष पिलात फक्त २ आहेत. उरलेल्या १८ कोठे आहेत? त्या १८ निरोगी दिसणाऱ्या पिलांत एकेक करून लपलेल्या आहेत. यांना वाहक म्हणतात.

सदोष पिलू बाजूला काढले, की पुढच्या पिढीत बिघडलेल्या प्रतीचे प्रमाण १/११ होते. त्यापुढे १/१२, मग १/१३. दहा पिढ्या असे केले तर १/२०. तरीही ४०० पिलांत १ पिलू सदोष जन्मतच राहील आणि शंभरात नऊ-दहा वाहक असतीलच. लोकसंख्येतील जनुकांचा हा नियम हार्डी या इंग्रज गणितज्ञाने १९०८ साली मांडला. त्यासाठी त्याला तुमच्या इयत्तेतील गुणाकारापेक्षा फारसे जास्त गणित लागले नाही!

मग वाहक ओळखायचा कसा? जुनी रीत अशी. संशयित नराचा संकर ज्या माद्या वाहक असल्याचे माहीत आहे अशांशीच करायचा. नर वाहक असेल तर प्रत्येक पिलू निर्दोष असण्याची शक्यता ३/४. सोळा पिले झाली आणि सगळी निर्दोष निघाली, तर नर वाहक असूनही तसे घडण्याची शक्यता ३/४ चा सोळावा घात, म्हणजे जेमतेम शंभरात एक. आपण 'नक्की' म्हणत नाही, 'शंभरात एक चूक होऊ शकेल' असे म्हणतो. विज्ञानाची भाषा ही अशी असते. आता जनुक ठाऊक असेल तर रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून वाहक थेट ओळखता येतो. ताठ होणाऱ्या डुकरांच्या बाबतीत १९९१ नंतर असेच झाले. हर्नियासारख्या दोषांत मात्र एकच नव्हे, तर अनेक जनुकांचा हात असतो. तेथे हा सोपा हिशेब चालत नाही.

शिक्षकांना एक विनंती

आनुवंशिकता शिकवताना आपण मेंडेलचे वाटाणे आणि ३ : १ हे प्रमाण फळ्यावर काढतो. मुले चौकटी भरतात आणि गुण मिळवतात. पण ती चौकट भरण्याआधीचा प्रश्न आपण विचारत नाही. हे लक्षण जनुकांतून आले, हे कशावरून? माझे मत असे आहे की हा प्रश्न आधी आणि चौकट नंतर आली पाहिजे. थरथरणाऱ्या पिलांची पाच उदाहरणे फळ्यावर लिहा. नर किती, माद्या किती, कोणते वेत, कोणते औषध दिले, अशी माहिती द्या आणि कारण मुलांना ओळखू द्या. एकेक खूण मिळत जाईल तसे त्यांचे उत्तर बदलेल. उत्तर बदलण्याची ही सवय पाठांतरापेक्षा मोलाची आहे.

आणखी एक गोष्ट शिकवताना विसरू नये. डुकरांच्या कळपातून सदोष जनावर काढून टाकतात. माणसांचा कळप नसतो. शिवाय वरचा हिशेब आपल्यालाही लागू आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या पेशींत काही बिघडलेली अप्रभावी जनुके लपलेली असतात. तुमच्यात, माझ्यात आणि त्या आजीबाईंतही! 'आमचे घराणे स्वच्छ' असे म्हणणाऱ्याला गणित येत नाही, एवढेच खरे.

माणसाच्या फाटलेल्या ओठाचे काय? त्यात बहुतेक वेळा अनेक जनुके आणि गर्भाभोवतीची परिस्थिती यांची गुंतागुंत असते. ठरावीक एका बाळाच्या बाबतीत 'हेच कारण' असे बोट दाखवून सांगणे बहुधा शक्य नसते. ग्रहण हे कारण नाही, हे मी ठामपणे सांगू शकत होतो. तेवढेच सांगून मी थांबायला हवे होते.

मित्राकडून परतल्यावर मी शेजारी गेलो आणि बाळाच्या आजोबांसमोर म्हणालो, "त्या दिवशी मी माहिती नसताना बोललो. यात सूनबाईंचा किंवा त्यांच्या माहेरचा काही दोष आहे असे कुणालाही म्हणता येणार नाही." आजोबा नुसते "बरं, सर" म्हणाले. आतल्या खोलीतून बाळाची आई बाहेर आली आणि न विचारता माझ्यापुढे चहा ठेवून गेली.

बाळाच्या ओठावर पुढे शस्त्रक्रिया झाली. आता ते शाळेत जाते आणि भरपूर बडबडते. मित्रांनो, यापुढे कुणी तुमच्यासमोर एखाद्या दोषाचे कारण छातीठोकपणे सांगू लागले, मग ते आजीबाई असोत की पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, तर नम्रपणे पण न चुकता विचारा : "कशावरून?"